पुतळाच्या अंगणातली डॉक्टरीण

खारघर गाव,
माघ महिना, १९९४

प्रिय सुचित्रा, बाय माझे,

पाकीट फोडल्यावर आधी खालची सही बघशील आणि म्हणशील, चांगुणामावशीनं एवढ्या वर्षांनी कागद कसा हातात घेतला! तुझा पत्ता पनवेलच्या औषधांच्या दुकानातल्या पंढरीनं दिला. तू नागपूरला असतेस, दोन मुलं आहेत आणि दवाखाना सोडून आता कॉलेजात पोरांना शिकवतेस, एवढं त्याच्याकडून कळलं. दवाखाना सोडलास त्याचं मागून लिहीन. माझं अक्षर तुला ठाऊकच आहे. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकलेली बाई मी, ओळ धरून लिहायला गेले तरी ती उतारावरच्या गाडीसारखी खाली घसरते. सावकाश वाच. आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुला निवांत वाचता येईल. कातकरवाडीवरची काशी जिवंत आहे. धडधाकट आहे. तू गेलीस तेव्हा एसटीच्या खिडकीतून माझा हात सोडेनास, तेव्हाच मला कळलं होतं की काशी पुढचा वीटभट्टीचा हंगाम काढेल अशी तुला आशा नव्हती.

इकडचं म्हणशील तर गाव तिथंच आहे, भोवतालचं सगळं उठून चाललंय. आमची भातशेती नव्या शहरासाठी सिडकोत गेली. मुलगा कमळाकर वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर जातो, घरी आला की त्याच्या सदऱ्याला वास, आणि सून म्हणते, आता वेगळी फोडणी कशाला द्यायची, यालाच भाकरीबरोबर वाढते. बेलापूरकडे इमारती उठतायत. आमची ओटी मात्र तशीच आहे, जिथं मंगळवारी तुझं टेबल असायचं. आणीबाणीचं साल होतं ते. तुझ्या संस्थेच्या जीपमधून उतरलीस, खांद्याला पिशवी, आणि पहिल्याच दिवशी कातकरवाडीच्या बायांना आमच्या बायांच्या शेजारी एकाच सतरंजीवर बसवलंस. आमच्या गावात तोवर कातकरी माणूस म्हणजे मोळी आणि खेकडे घेऊन ओटीखाली उभं राहणारं माणूस. पाणी द्यायचं ते वरून ओंजळीत. आमचे हे माजघरातून ओरडले, "आता खेकडंपन आनून बसव ओटीवं!" आणि तू तिथूनच म्हणालीस, "आणू की काका, रस्सा तुम्ही करा." त्या दिवसापासून हे तुझ्यापुढे नरमले ते नरमलेच. जाईपर्यंत तुझं नाव काढत होते. हो, हे गेले. दोन पावसाळे झाले.

काशी पहिल्यांदा आली ती तुला आठवत असणार. भुवई फाटलेली, कडेवर यमी, आणि मागे खांबाला टेकून तिचा नवरा कान्हा. तू विचारलंस, कशानं लागलं? काशीनं तोंड उघडायच्या आत कान्हा म्हणाला, "धोंड्यावं परली. मोली आनाला गेलती." तू टाके घातलेस, काशीनं हूं की चूं केलं नाही. ती गेल्यावर तू मला म्हणालीस, मावशी, दगडावर पडलेल्या माणसाचे तळहात खरचटतात, हिचे तळहात बघितलेत का? मी म्हटलं, बाय, हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे, गावाला ठाऊक आहे, तुलाच नवीन. मला वाटलं तू गप्प बसशील. शहरातली पोर, मंगळवारी येणारी आणि मंगळवारी जाणारी. पण पुढच्या खेपेला काशीचा हात भाजलेला होता, आणि तू उठलीस ती थेट तिला जीपमध्ये घालून पोलीस चौकीवर घेऊन गेलीस. तुझ्या शहरात तोच रस्ता बरोबर असेल. तुला कोणी सांगितलंच नव्हतं की कातकऱ्याच्या घरात चौकी हा शब्द लेकरं गप्प करायला वापरतात. तिकडे आसपासच्या एका बांधकामावरनं तांब्याची तार चोरीला गेलेली होती, आळ नेहमीसारखा कातकऱ्यांवर. चौकीवाल्यांना वाडीवर जायला निमित्तच हवं होतं. दुसऱ्या दिवशी ते कान्हाला न्यायला आले, कान्हा डोंगरात पळालेला, मग जे हाताला लागले त्यांना घेऊन गेले. त्यात गंगाराम होता, वाडीचा म्होरक्या, ज्यानं आयुष्यात दुसऱ्याच्या झाडाचं बोर उचललं नाही. परत आला तेव्हा लंगडत होता.

त्यानंतरच्या मंगळवारी वाडीतून चिटपाखरू आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. काशीला तर दोन्हीकडून बसला. नवरा म्हणायचा, तू चौकी दाखवलीस. वाडी म्हणायची, तुझ्यामुळे आमची माणसं गेली. सासू पुतळा तिला चुलीपाशीही बसू देईना. मी तुला हे सांगितलं तेव्हा तू बराच वेळ टेबलावरच्या बाटल्या एका रांगेत लावत बसलीस. मला वाटलं, झालं, आता ही जीप बोलावणार आणि परत येणार नाही. आणि मी सांगते तुला, मला त्याचं काही वाटलंही नसतं, कारण मोठी माणसं अशीच करतात. पण तू चपला हातात घेतल्यास आणि शेताच्या बांधावरून वाडीकडे निघालीस. मी मागे धावले, रस्ता दाखवायला म्हण, नाहीतर काय होतंय ते बघायला म्हण. वाडीवर कोणी तुला बस म्हणालं नाही. गंगारामच्या झोपडीपुढे उभी राहून तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "चूक माझी झाली. काशीची नाही. तिनं मला चौकीवर ने म्हटलं नव्हतं. मी तिला विचारलंच नव्हतं." गंगाराम खाटेवर पाय चोळत होता. त्यानं तुझ्याकडे बघितलंही नाही. नुसतं म्हणाला, "मंग आतं पाय बगा." तू खाली मातीत बसलीस आणि त्याचा पाय मांडीवर घेतलास. बाय, मी देवळात बऱ्याच वेळा हात जोडलेत, पण तिथं माझे हात आपोआप जुळले ते मला पाठीमागे लपवावे लागले.

मग तुझं ते लुगड्याचं प्रकरण. माझं जुनं हिरवं लुगडं मागून घेतलंस आणि ओटीच्या एका अंगाला बांधलंस. बाई कोणाचीही असो, कोळ्याची, आगऱ्याची, कातकऱ्याची, पाटलाची, तपासायला आत एकटीनंच यायचं, नवरा-सासू-दीर सगळे बाहेर. पहिल्यांदा गावात केवढी बोंब झाली! पाटलीणबाई म्हणाल्या, आम्ही काय पळून जाणार आहोत का? तू म्हणालीस, नियम म्हणजे नियम, मला स्वतःला तपासायचं झालं तरी मी एकटीच आत जाईन. मला नंतर उमगलं की तो नियम एकट्या काशीसाठी लावला असतास तर कान्हानं त्या पडद्याला आग लावली असती. सगळ्यांना लावलास म्हणून कोणाला संशय आला नाही. आणि आत गेल्यावर, खोकला आहे का, पाळी नीट येते का, तसंच त्याच सुरात तू विचारायचीस, घरी कोणी हात उचलतं का? उत्तर नाही दिलं तरी तू औषध द्यायचीस, आणि म्हणायचीस, पुढच्या वेळी सांगितलंस तरी चालेल, कधीच नाही सांगितलंस तरी चालेल. आमच्या आगऱ्यांच्या घरांतल्याही बाया डोळे पुसत बाहेर यायच्या आणि मला म्हणायच्या, औषध झोंबलं गो डोल्यांना. मला विचारलंस तेव्हा मी काय सांगितलं ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. हे गेले आता, त्यांचं बरंच गोड आठवते मी. तेही आठवते.

पण वाडीच्या बाया ओटीवर परत यायला तेवढं पुरणार नव्हतं, म्हणून तू वाडीवर जायला लागलीस. सगळ्यात जास्त नवल मला ह्याचं वाटायचं की तू काशीच्या वाटेला जात नव्हतीस. पुतळाच्या अंगणात बसायचीस. जी सासू काशीला चुलीपासून हाकलते तिच्याशी गप्पा! मी एकदा चिडून म्हटलंदेखील, बाय, दुखतंय एकीला आणि तू औषध लावतेस भलतीलाच. तू हसलीस. पोरांची खरूज बघायचीस, कोणाच्या डोळ्यांत मलम घालायचीस आणि मग पुतळा खेकडे साफ करी तिथं जाऊन बसायचीस, काशीचं नाव न काढता. पुतळा पण वस्ताद! एका मंगळवारी तिनं डोंगरातला कडूकंद उकडून ठेवला होता. तो कंद चिरून वाहत्या पाण्यात भिजत ठेवावा लागतो, तेव्हा त्याचं कडू जातं. तुला धीर कुठला, तू टोपलीतली अर्धी भिजलेली फोड तोंडात टाकलीस. घसा असा धरला की डॉक्टरीणबाईच पाणी-पाणी करत अंगणभर नाचत होत्या. पुतळा एवढी हसली की तिचा पदर पडला. "शिकलेली हाय ना गो तू? मंग पान्याला त्याचा काम करू दे की!" वाडी त्या दिवशी पहिल्यांदा तुझ्यासमोर हसली. काशी झोपडीच्या कुडाच्या भिंतीआडून बघत होती. तीसुद्धा हसली असणार, कारण मला कुडाच्या फटीतून दात दिसले. पुढच्या मंगळवारपासून वाडीच्या बाया एकेक करून ओटीवर, तुझ्या पडद्याआड यायला लागल्या.

दसऱ्याच्या अलीकडचा तो मंगळवार. पुतळा उजव्या हातानं वाळत घातलेले मासे उलटत होती, डावा हात तसाच मांडीवर, कोपरापासून वाकडा, तू दर मंगळवारी बघत होतीस तसा. आणि तू खोकल्याचं विचारावं त्याच सुरात विचारलंस, "पुतळाबाय, हा हात कोणी मोडला?" कशानं मोडला असं नाही विचारलंस. कोणी मोडला. पुतळानं मासे उलटायचे थांबवले. मला वाटलं आता ही काठी घेणार. ती म्हणाली, "मना आजवर कोनी नाय ईचारला." मग तिनं सांगितलं. कान्हाच्या बापानं, भट्टीवर, विटा ओल्या राहिल्या म्हणून. हाड बसवायला कोणी नव्हतं, तसाच जुळला. तेव्हा कान्हा पोटात होता. एवढं सांगून तिनं पुन्हा मासे हातात घेतले. मी तुझ्याजागी असते तर म्हटलं असतं, मग आता सुनेचं बघ की बये. माझ्या जिभेवर आलंही होतं, तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवून दाबलास. मग पुतळानं झोपडीकडे तोंड करून हाक मारली, "काशे, भायेर ये. चूल पेटव." चुलीवर हक्क परत दिला तिनं. त्याहून जास्त काही घडलं नाही त्या दिवशी. घरी येताना तू बांधावर मध्येच बसलीस आणि गुडघ्यात डोकं घालून रडलीस. मी शेजारी उभी राहिले. मला कळत नव्हतं की एवढं मोठं काही आपल्या डोळ्यांसमोर घडलं, आणि ते एवढं बारीक कसं दिसलं.

कान्हाशीही तू सरळ वागायचीस, ह्याचं वाडीला फार आश्चर्य. खोकत आला तर छाती तपासायचीस, गोळ्या द्यायचीस, कपाळाला आठी नाही. फक्त एकदा म्हणालीस, "कान्हा, दारू सोडायची असेल तेव्हा ये, मी तुला हाकलणार नाही. पण हात दारू उचलत नाही, हात तू उचलतोस." तो वाकडं हसून निघून गेला. आणि काशीला तू सांगितलंस, यमीचे दोन कपडे आणि तुझं एक लुगडं चांगुणामावशीच्या माळ्यावर ठेव, लागलंच तर रिकाम्या हातानं धावत ये, कधीही. ते गाठोडं माझ्या माळ्यावर होतं, आणि खरं सांगते, ते तिथं आहे एवढ्यानंच काशीची मान थोडी वर झाली.

मग तुझ्या संस्थेनं दवाखाना बंद केला. दिवाळी झाली नि तू गेलीस. इथपर्यंतचं तुला ठाऊक आहे, पुढचं तू बघितलं नाहीस, आणि तेच सांगायचा मला एवढी वर्षं ध्यास होता.

पुतळानं तुला काडीचं सांगितलं होतं तेव्हा तुझे डोळे केवढे झाले होते ते आठवतं मला. नवरा-बायकोचं जमेनासं झालं तर पंचांसमोर कारवीची वाळकी काडी मोडायची, दोघं मोकळी. तू म्हणालीस, आमच्याकडे ह्याला कोर्टात म्हातारपण येतं! पण त्यात मेख होती. काडी पुरुषानं मोडायची. बाईनं मागायची. आणि कान्हा मोडणार नव्हता, कारण पुढे भट्टीचा हंगाम. भट्टीवर एकट्याला कोणी घेत नाही, जोडी लागते. एकानं चिखल तुडवायचा, दुसऱ्यानं साच्यात भरून विटा पाडायच्या. काशी सुटली तर कान्हाची जोडी मोडते, आणि काशी एकटी राहिली तर तिला पावसाळ्यापर्यंत खायला काय? आणि भट्टीवर गेली तर? तिथं ना मी, ना माळ्यावरचं गाठोडं, ना मंगळवार. पुतळाचा हात तिथंच मोडला होता. म्हणून तुझा जीव टांगणीला लागला होता, आणि माझाही.

भट्टीचे ट्रक यायच्या आधल्या सकाळी काशीनं पंच बसवले. मला बोलावणं होतं, मी जाऊन बायांच्या बाजूला बसले. गंगारामनं हातात काडी धरली आणि विचारलं, "कान्हा, बाय मोकली मांगतं. मोडतंस का?" कान्हा हसला. "मोडतो ना. पन भट्टीवं जोडीला कोन येल? तू येतंस का गंगारामदादा, लुगरा नेसून?" पुरुष खदखदले. गंगारामसुद्धा मिशीत हसला, आणि काशीची नजर मातीत गेली. मला वाटलं संपलं. तेवढ्यात माझ्या शेजारून पुतळा उठली. कोणाला वाटलं पाणी प्यायला उठली. ती गेली, गंगारामच्या हातातली काडी काढून घेतली. कारवीची काडी ती, झोपडीचा कूड करतात तिची, एका हातानं मोडणारी नाही, आणि तिचा डावा हात तर धरायच्या कामाचा नव्हता. तिनं काडीचं एक टोक पायाखाली दाबलं आणि उजव्या हातानं वर ओढलं. कडाड्‌ वाजलं ना, तशी झाडावरची पाखरं उडाली.

गंगाराम म्हणाला, "पुतळे, यो काय केला? असा कंदी झाला नाय." पुतळा म्हणाली, "नाय झाला. माजी काडी मोडाला कोनी नव्हता, म्हनून नाय झाला. याला माज्या पोटातून मी काडलाय. याचा हात तो माजा हात. मी मोडली." कान्हा उठला, तोंड लाल, मुठी वळलेल्या, आईच्या दिशेनं दोन पावलं आला. तेव्हा आमच्या बाजूची एक बाई उठली. मग दुसरी. लुगड्याची धूळ झटकत, जशा काही घरी निघाल्यात. पण निघालं कोणी नाही. सगळ्या उभ्या. त्यातली एकूण एक बाई तुझ्या हिरव्या पडद्याआड जाऊन आली होती, बाय. आत कोणी काय सांगितलं हे एकमेकींना ठाऊक नव्हतं, पण विचारलं सगळ्यांना होतं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. कान्हा थांबला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि खाली बसला, लहान पोर बसतं तसा. गंगारामनं मोडलेल्या काडीचे तुकडे हातात घेतले, उलटेपालटे केले आणि म्हणाला, "मोडली ती मोडली." मग विचारलं, "न पुतळे, भट्टीवं काय?" पुतळा म्हणाली, "मी न काशी. जोडी झाली ना."

सासू-सुनेची जोडी कोणी ऐकली आहे का? भट्टीवरचा मुकादम म्हणाला म्हणे, "म्हातारीला विटेखाली पुराची का?" शिमग्याला मी सुकी मासळी घेऊन भट्टीवर गेले, मला राहवेना. लांबून दिसल्या. पुतळा चिखल तुडवत होती, वाकडा हात पोटाशी धरून, पाय मात्र असे पडत होते की नाचतेय जणू. काशी साचा ठोकत होती. यमी ओल्या विटांच्या रांगांमधून पळत होती आणि दोघी एकदम ओरडल्या, "यमे, विटांवं पाय नको!" आणि एकदम हसल्या. मी तिथं मासळीची पिशवी डोक्यावर घेऊन उभीच राहिले. एवढी वर्षं मी जगात होते आणि मला वाटत होतं, जे आहे ते आहे. ते तसं नसतं हे मला त्या चिखलात दिसलं. मुकादम पुढच्या हंगामाला स्वतः विचारायला आला, सासू-सून येतायत ना?

कान्हा पुढे तळोज्याकडे खडी फोडायला गेला. तिकडे दुसरी बाई केली. तिला मारत नाही म्हणतात, खरं-खोटं देव जाणे. मधून मधून यायचा, पुतळा त्याला अंगणात भाकरी वाढायची, झोपडीत घ्यायची नाही. मुलगा तो शेवटी, वाढताना मोठा मासा त्याच्यासाठी निवडायची, ते मी बघितलंय. गेल्या चैत्रात पुतळा गेली. काशीनं तिला आंघोळ घातली तेव्हा तो वाकडा हात सरळ करायला बघत होत्या बाया. काशी म्हणाली, राहू द्या तसाच.

आता मूळ गोष्टीला येते, जी लिहायला मी इतकी पानं घेतली. यमीचं लग्न झालं, पलीकडच्या डोंगराखालच्या वाडीत. तिला दिवस गेलेत, पोट दिसायला लागलंय. आणि तिचा नवरा तिला मारतो. यमी आईला सांगत नाही, पण आईला तळहात बघता येतात, तुझ्यामुळे. काशी आरडाओरडा करायला गेली नाही, पोरीला ओढून आणलं नाही, चौकीवर तर नाहीच. ती दर बाजाराच्या दिवशी त्या वाडीवर जाते आणि यमीच्या सासूच्या अंगणात बसते. खेकडे नेते, तिच्याबरोबर साफ करते, इकडचं तिकडचं बोलते, पोरीचं नाव काढत नाही. पावसाळ्यापासून बसतेय. ती सासू अजून बोललेली नाही. काल काशी माझ्या ओटीवर आली आणि म्हणाली, "मावशे, डाक्टरीनबायला ईचार. कवर बसाचा? तिच्या पोटात पोर हाय. पुतळा बोलली, पन ही बोलंलच असा कोन सांगतं?" तू बसलीस ते मी बघितलं, पण बसता बसता तुझ्या मनात किती दिवसांची मुदत होती, ती टळली असती तर तू काय करणार होतीस, हे मी कधी तुला विचारलंच नाही. आणि दवाखाना तू का सोडलास, तिकडे कोणापाशी बसून राहिलीस आणि ती बोललीच नाही असं काही झालं का, हेही मी विचारत नाही. सांगितलंस तरी चालेल, कधीच नाही सांगितलंस तरी चालेल. काशीचं उत्तर मात्र पत्रानं पाठवू नकोस. इथं नवीन डॉक्टर आहे, चांगला पोरगा आहे, पण तो यमीला तिच्या नवऱ्यासमोरच तपासतो. बाजार शनिवारी असतो. तू ये, चपला हातात घेऊन, एका शनिवारी काशीच्या आणि माझ्या शेजारी त्या अंगणात बस, आणि तिथं बसून तुला जे वाटेल ते तिला सांग. थांब म्हणालीस तर ती थांबेल. ऊठ म्हणालीस तर आपण तिघी उठू, आणि यमीला घेऊनच परत येऊ.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
चांगुणामावशी